केसाला केस

धावडा गावात पुंजारामाच्या ओसरीवर सकाळची ज्वारी पाखडून झाली होती. एरवी या वेळी सून नंदा चुलीपाशी असायची. आज ती भिंतीला पाठ लावून रडत होती आणि सासू द्वारकाबाई कात्री शोधत होत्या.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नंदाच्या नवऱ्याच्या, सर्जेरावच्या, डोक्यावर रुपयाएवढी चाई पडली, केस झडून चकती उघडी पडली, मग दाढीत, मग भुवईत. गावानं निकाल दिला, सून पांढऱ्या पायाची! गावाला कुठे पुरावा लागतो? देवऋषी म्हणाला, "हिचे केस देवीला सोडा, त्याचे येतील."

जालन्याच्या डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं होतं, "शरीर आपल्याच केसांच्या मुळांवर उठतं. यात बायकोचा काय संबंध? हा दोष कधी कधी वंशातून येतो. घरात आणखी कोणाला होता?" सर्जेरावनं बापाकडे पाहिलं. डोक्यावरचा रुमाल सारखा करत पुंजाराम म्हणाला, "न्हाई बा, कोणालाच न्हाई."

कात्री हाती लागताच द्वारकाबाईंनी सुनेची वेणी धरली.

"आत्याबाई, पाया पडते! डॉक्टर काय बोलले, ऐकलं न्हाई का?"

"डॉक्टरला काय कळतंय? ह्यांना चाई पडली तवा माझेबी कापले व्हते. ह्यांचे आले बराबर! माझं लेकरू झुरून राह्यलं, अन् तुला केसांची पडली?"

त्या दुष्ट नव्हत्या. लेकासाठी त्यांचा जीव तुटत होता, म्हणूनच हात थांबेना. अर्धी वेणी खाली पडली. सर्जेराव आतल्या खोलीत तोंड लपवून बसला होता.

"मामा, तुमी तरी बोला!" नंदा सासऱ्याकडे वळून किंचाळली.

पुंजारामानं रुमाल काढला. डोक्याचा मागचा भाग तळहातासारखा गुळगुळीत होता. तो बायकोला म्हणाला,

"केस आल्ते, अन् सालभरात परत गेले. माझ्या बापालाबी हेच व्हतं. तुला दिसू नये म्हून मी शेतातच निजत आलो. आता आपल्या लेकीचं, ताराचं लगीन व्हायचंय. खानदानाला बट्टा लागला तर पोरीला कोण करल?"

नवरा घरात निजत नाही, हा द्वारकाबाई जन्मभर आपलाच दोष समजत आल्या होत्या.

"मंग माझे कशापायी कापू दिले?" त्यांनी विचारलं. "हिचे कशापायी?"

पुंजारामानं रुमाल पुन्हा डोक्याला गुंडाळला.

नंदा माहेरच्या वाटेला लागली, तशा द्वारकाबाई अनवाणी मागे धावल्या. दारात जमलेल्या बाया नंदाच्या केसांकडे पाहून कुजबुजत होत्या. त्यांतच ताराला मागणी घालणाऱ्या घरची बाईही होती. द्वारकाबाईंनी तिला पाहिलं. मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"सुनेत काहीच खोट न्हाई. चाई आमच्याच रक्तात हाय!"