सातच्या आत रांगेत

आमच्या राज्यात प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीला, मत गुप्त असतं, पक्ष गुप्त नसतो. मतदाराने टेबलापाशी यायचं, कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते तोंडाने सांगायचं, आणि टेबलामागच्या अधिकाऱ्याने त्याचं नाव आणि पक्ष सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारायचा. बावीस वर्षं हे पुकारण्याचं काम माझ्याकडे होतं. माझा आवाज मुळातच लहान. ट्वायला म्हणायची, "मर्ल, तू नावं पुकारत नाहीस, लोकांची माफी मागतोस."

ट्वायला हॅस्कॅम्प रिपब्लिकनांतर्फे बसायची, मी डेमोक्रॅटांतर्फे. केंद्रावर दोन्हीकडचा एकेक माणूस लागतोच. वर्षातून एकदोन दिवस आम्ही पहाटे पाचपासून एकमेकांशेजारी बसायचो. ती बटाट्याचं सॅलड आणायची, मी कॉफीचा थर्मास. मतदान संपलं की नियमाच्या पुस्तिकेतली कामं ती बोट ठेवून वाचायची आणि मी ती करायचो. माझ्या आयुष्यात मैत्री म्हणावी असं फार थोडं झालं. हे त्यातलं एक असावं. तिलाही तसं वाटत होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

त्या मार्चमध्ये टाउनशिपच्या हॉलचे पाइप थंडीने फुटले आणि केंद्र टेकडीवर हलवलं. टेकडी म्हणजे बंद पडलेलं सरकारी मनोरुग्णालय. त्याच्या जेवणघरात अजून हीटर चालतो, कारण काउंटीचे रस्तेवाले पलीकडच्या भागात आपली यंत्रं ठेवतात. रुग्णालय बंद होईपर्यंत एकतीस वर्षं मी तिथे ग्रंथपाल होतो. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं तिथे स्वयंपाकी, परिचारक नाहीतर रखवालदार होती, आणि आज सरकारच्या पेन्शनवर जगतात.

त्या वेळचा सगळा वाद या पेन्शनवरूनच पेटला होता. ती दर जानेवारीत थोडी वाढते. ही वाढ बंद करायचं विधेयक राजधानीत अडकून होतं, आणि आमच्या मतदारसंघात डिलो नावाचा तरुण उमेदवार ती बंद करीन असं सांगतच रिपब्लिकन प्रायमरीला उभा होता. डेमोक्रॅटांतर्फे कोणी उभंच नव्हतं. म्हणजे जो ही प्रायमरी जिंकेल तोच निवडून येणार. म्हणून टेकडीवरच्या निवृत्तांनी ठरवलं, की या वेळी सगळ्यांनी रिपब्लिकन मतपत्रिका मागायची आणि डिलोला पाडायचं.

माझं काही मोठं अडत नव्हतं. पण माझी धाकटी बहीण आयोन गावातल्या वृद्धाश्रमात आहे, तिच्या खोलीचा खर्च माझ्या पेन्शनमधून जातो, आणि तोही दर जानेवारीत वाढतो. वाढ थांबली असती तर तिला नव्वद मैलांवरच्या मोफत आश्रमात पाठवावं लागलं असतं. ती आता फक्त तिच्या खिडकीतलं झाड ओळखते, आणि मला.

ट्वायलाला आमचा बेत कळला होता. गावात काय लपतं? तिचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नव्हतं, हीच माझी अडचण. तिच्या नवऱ्याने एक्केचाळीस वर्षं टायर दुरुस्त केले. त्याची कमाई कोणी दर जानेवारीत वाढवली नव्हती, आणि तुमची वाढ मात्र माझ्या घरपट्टीतून जाते, असं ती म्हणायची. मी म्हणायचो, पगार कमी घ्या, म्हातारपण आम्ही बघू, असं सांगूनच सरकारने आम्हाला ठेवून घेतलं होतं. एवढं ती ऐकून घ्यायची. पण प्रायमरीच्या बाबतीत ती ऐकून घ्यायला तयार नव्हती.

"उद्या मेथडिस्टांनी येऊन आमच्या लुथेरन चर्चचा पाद्री निवडायचा का?" ती म्हणाली. "घरचा निर्णय घरच्यांनी घ्यावा. जो आमचा नाही त्याच्यावर मी हरकत घेणार. मग कोणी का असेना."

अशी हरकत घ्यायचा अधिकार तिला होता. हरकत घेतली की मतदाराला त्या पक्षाचा आहे असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. सकाळी टेकडीचा जुना मुख्य स्वयंपाकी बर्डेट आला आणि त्याने खुशाल तसं लिहून दिलं. "पहाटेपासून रिपब्लिकन आहे, ट्वायला," तो म्हणाला. "दुपारपर्यंत टिकेन असं वाटतंय. बायकोला सांगू नकोस, घरात घेणार नाही." सगळे हसले. ट्वायला हसली नाही. मला शपथेवर खोटं लिहिता आलं नसतं. तिने माझ्यावर हरकत घेतली की माझं मत गेलं, आणि त्यासोबत आयोनची खिडकी.

मी दिवसभर मत द्यायचं पुढे ढकलत राहिलो.

त्या दिवशी पहिल्यांदा कधी ऐकलं ते नक्की सांगता येत नाही. नऊच्या सुमारास असेल. मी कोणाचं तरी नाव पुकारलं आणि मागच्या कॉरिडॉरमध्ये, जिकडे वॉर्ड होते, कापडी सपाता फरशीवर घासल्याचा आवाज आला. एक पाऊल, आणि मग शांतता. मी म्हटलं, रस्तेवाल्यांपैकी कोणी असेल. पुढचं नाव पुकारलं. पुन्हा एक पाऊल, पण या वेळी बऱ्याच जणांचं, एकामागून एक. गोळ्यांच्या वेळी रुग्णांची रांग त्या कॉरिडॉरमध्ये अशीच उभी राहायची. परिचारक खिडकीतून नाव पुकारायचा आणि सगळी रांग एक पाऊल पुढे सरकायची. तो आवाज एकतीस वर्षं माझ्या वाचनालयाच्या खालून येत असे.

मी उठून पाहून आलो. कॉरिडॉर रिकामा होता. भिंतींचा हिरवा रंग पापुद्र्यांनी सुटून फरशीवर पडला होता. त्या पापुद्र्यांत एका रेषेत पुसलेली जागा दिसली. पण ती आधीपासून असू शकते, रुग्णालय बंद झाल्यापासून मी काही तिकडे गेलो नव्हतो.

"पाइप," मी परत आल्यावर ट्वायला म्हणाली. मी तिला काहीच विचारलं नव्हतं.

जेवणानंतर मतदार विरळ झाले. अर्ध्या तासात एखादा. नाव पुकारलं नाही तर कॉरिडॉर शांत असे. पुकारलं की पाऊल. तीनच्या सुमारास ते जेवणघराच्या दुहेरी दारापर्यंत येऊन थांबले असावेत, कारण दाराखालच्या फटीतून येणारा उजेड कमी झाला. नंतर मी नावं अगदी हळू पुकारू लागलो. ट्वायलाने या वेळी चेष्टा केली नाही. तिने आपली खुर्ची माझ्या खुर्चीजवळ ओढून घेतली, आणि पेन्शनबद्दल किंवा पाद्र्याबद्दल पुढे एक शब्दही काढला नाही.

सातला पाच मिनिटं असताना जेवणघरात आम्ही दोघंच होतो.

"मत दिलं नाहीस तू," ती म्हणाली.

"नाही."

"नियम माहीत आहे ना? सातला एका अधिकाऱ्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. त्याच्या पुढे असतील त्यांचं मतदान झाल्याशिवाय केंद्र बंद होत नाही."

तिने दुहेरी दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग का ते कळलं नाही, पण मी उठलो, दार उघडलं आणि कॉरिडॉरमधून चालत गेलो. दोन्ही बाजूंना कोणी दिसलं नाही. पण मी भिंतीला लागून, अंग चोरून चालत होतो, भरलेल्या रांगेच्या कडेने चालतात तसा. जुना साबण आणि उकडलेल्या कोबीचा वास येत होता. जिथे तो वास संपला तिथे मी थांबलो. वॉर्डाच्या घड्याळाला काटे नव्हते. माझ्या मनगटावरच्या घड्याळात सात वाजले.

दूर टेबलामागे ट्वायला लहानशी दिसत होती. रांग सरकत नव्हती, आणि नाव पुकारल्याशिवाय सरकणार नव्हती. हे तिलाही माहीत असावं. तिने काही वेळ वाट पाहिली आणि मग माझंच नाव घेतलं.

"मर्ल स्ट्राउड."

मी तसाच त्यांच्या कडेने पुढे गेलो. दुसऱ्यांच्या आधी नंबर लावल्यासारखं वाटून लाज वाटली. टेबलापाशी पोचलो तेव्हा माझ्या मानेवर कोणाचा तरी श्वास लागत होता, थंड आणि सावकाश.

"कोणत्या पक्षाची?" ट्वायलाने विचारलं. दुसरं कोणी ऐकायला नव्हतं, पण नियम नियम असतो.

माझे वडील कोळशाच्या खाणीत होते, जन्मभर डेमोक्रॅट. ट्वायलाच्या पक्षाचं नाव मी घरात कधी चांगल्या अर्थाने ऐकलं नव्हतं. हाही विचार आला की ते उच्चारलं की माझं नाव त्यांच्या यादीत जाईल, आणि मग या टेबलामागची डेमोक्रॅटांची खुर्ची माझी राहणार नाही.

"रिपब्लिकन," मी म्हणालो.

तिने हरकतीचा कागद पुढे ओढला. पेनाचं टोपण काढलं. माझं नाव लिहायला सुरुवातही केली. मी म्हणालो, "ट्वायला, मी शपथ लिहू शकणार नाही. तू हरकत लिहिलीस तर मी घरी जाईन."

तिने वर पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे. बराच वेळ ती एकेक चेहरा पाहिल्यासारखी बघत राहिली. मला वळून पाहायची हिंमत झाली नाही.

"यांना कधी कोणी विचारलं होतं का रे?" तिने हळूच विचारलं. "कुठल्या बाजूचे म्हणून?"

"यांना काहीच विचारत नसत."

तिने कागद फाडला, चार तुकडे केले आणि कॉफीच्या कपात टाकले. मग उभी राहिली आणि मला कधी जमलं नव्हतं अशा खणखणीत आवाजात तिने माझं नाव आणि पक्ष पुकारला. मागे सगळी रांग एक पाऊल पुढे आली.

मी मत दिलं, यंत्रात सरकवलं आणि माझ्या खुर्चीवर परत येऊन बसलो. दार उघडंच होतं.

"आता?" मी विचारलं.

"सातच्या आत रांगेत होते," ट्वायला म्हणाली. "यादीत नावं नाहीत, मतपत्रिका देता येणार नाही. वहीत काही लिहू नकोस. पण पुकार. तुला नावं माहीत असतील."

टेकडीच्या दफनभूमीत दगडांवर नुसते आकडे आहेत. पण पुस्तक न्यायला येणाऱ्याला माझ्याकडे नाव सांगावं लागे. मी आठवून आठवून पुकारू लागलो. हेस्टर लूमिस. कॉनराड बेल्झ. ओडेसा प्रुएट, जिला फक्त पक्ष्यांची पुस्तकं लागत. प्रत्येक नावाला एक पाऊल टेबलापर्यंत यायचं, ट्वायला मान लववायची, आणि तेवढी जागा हलकी व्हायची. काही नावं आठवली नाहीत. तिथे फार वेळ थांबावं लागलं.

आठ वीसला दारात परत उजेड आला. आम्ही शिक्के मारले आणि पेट्या गाडीत ठेवल्या.

डिलो अकरा मतांनी पडला. आयोन अजून त्याच खोलीत आहे. नोव्हेंबरमध्ये माझ्या खुर्चीवर कुठलीशी मुलगी बसली होती, आवाज चांगला मोठा. ट्वायलाने मला नाव विचारलं, नियमाप्रमाणे, आणि मी ते सांगितलं.