बादशहा आधीच मेला

यंदाच्या यात्रेतल्या नाटकात बादशहाला पहिल्याच प्रवेशात मारायचं, असं माझ्या पोरानं ठरवलं. बादशहा मीच. आमच्या ईट गावाच्या भागात दरसाली ती खोटी दाढी चिकटवून घ्यायचा उत्साह दुसऱ्या कुणात नाही.

"दादा, मुलूख जिंकायच्या आधी, परांड्याच्या किल्ल्याखालीच तो पडला असता तर? पुढचं सगळं येगळंच झालं असतं. ते दाखवू," योगीराज म्हणाला.

"आन् माझं मरतानाचं बोलणं?"

"घशात बाण लागल्यावर माणूस बोलंल कसं?"

शिकलेलं पोरगं, बाण नेमका घशातच मारणार. मी म्हटलं, "तुझ्या आईसाठी तरी ठेव."

तो म्हणाला, "आईला घरी म्हणून दाखवा की."

घरी म्हणून पाहिलं होतं. माझी बायको गजरा पदर पुढं ओढून आत निघून गेली. दोन वर्षं झाली, ती मला ओळखत नाही. ताट वाढते, पण पाव्हणं म्हणते. मात्र गेल्या यात्रेत मी मरता मरता म्हणालो, "माझा घोडा सोडून द्या, त्याचा काही गुन्हा नाही," आणि खाली बसलेली गजरा ताडकन उठून ओरडली, "आवं, उठा की! माती लागली सगळी!" सारा गाव हसला. मला रडू आलं. त्या संध्याकाळी भाकरी थापताना तिनं मला पहिल्यासारखी भरपूर नावं ठेवली. सकाळी मी पुन्हा पाव्हणा. त्या एका संध्याकाळवर मी वर्ष काढलं होतं.

आमच्याकडं एक रीत आहे. पडलेला बादशहा देवाची पालखी येऊन अंगावर भंडारा पडल्याशिवाय उठत नाही. आधी उठला तर संकट उठलं, गावाला साल वाईट. मी नेहमी शेवटी मरायचो, तोवर पालखी येऊन ठेपलेली असायची. यंदा मरण अलीकडं आणलं, पण पालखी अलीकडं आणायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही.

भर उन्हात मी मेलो. अंगावर चादर पडली आणि खाली पडून मी माझ्याशिवायचा इतिहास ऐकू लागलो. बादशहा नाही म्हणून निजाम नाही, रझाकार नाही, बाणगंगा नदीला उन्हाळ्यातसुद्धा पाणी. टाळ्यांवर टाळ्या. माझ्या मरण्यानं इतकं भलं होणार होतं, तर इतकी सालं मला जगवलं कशाला, असा राग आला.

मग समोरून गजराचा आवाज आला. "अर्पिता, मालक कवा येत्याल गं?"

"येत्यात, आत्या. बसा तुमी," सून म्हणाली. ती तरी दुसरं काय सांगणार!

थोड्या वेळानं तोच आवाज माझ्या पायाशी आला. "आवं पाव्हणं, आमचं मालक बादशहा होत्यात. दिसलं का कुठं?" ती चादरीला विचारत होती.

मी घोड्याचं वाक्य म्हटलं. हलगी कडाडत होती, माझं मलाच ऐकू आलं नाही. तेव्हा चादर सारून मी कोपरावर उठलो.

"झोपा! झोपा!" सारा गाव ओरडला. म्हातारे अण्णाराव धावत आले आणि माझे खांदे धरले. "धोंडीबा, लेकराबाळांचं गाव हाय रं." दरडावलं असतं तर मी त्यांना ढकललं असतं. पण ते विनवत होते, आणि मीही त्याच गावचा. मी आडवा झालो. कुणीतरी चादर पुन्हा तोंडावर ओढली.

"चल बाई," गजरा अर्पिताला म्हणाली, "ह्या साली मालक न्हाय आलं."

पालखी दिवेलागणीला आली. भंडारा पडताच मी उठलो आणि अंगातल्या झग्यानिशी घरी पळत सुटलो. उंबऱ्यात उभा राहून, धापा टाकत, मरतानाचं सगळं बोलणं म्हटलं, घोड्यासकट. गजरानं डोक्यावर पदर घेऊन शेवटपर्यंत ऐकलं.

"लई झ्याक म्हणता," ती म्हणाली. "मालक असतं तर त्यास्नी आवडलं असतं. बसा, पाव्हणं."

मी बसलो. दाढी काढून मांडीवर ठेवली. तिनं तांब्याभर पाणी आणलं आणि पाव्हण्याला देतात तसा वर गुळाचा खडाही दिला.