पेटीवरचा काटा

दादाचा आणि माझा करार कधी तोंडाने झाला नव्हता, पण दोघांनाही तो पाठ होता. रविवारी बाबा सिगारला ओळखतात तोवर ते माझ्याकडे, या घरात राहतील. ज्या दिवशी ओळखणार नाहीत, त्या दिवसापासून दादा त्यांना त्याच्या शहरातल्या शुश्रूषागृहात हलवायच्या तयारीला लागेल आणि मी मध्ये पडायचं नाही. माणसाची परीक्षा सिगारवर घेणं हा तसा शुद्ध मूर्खपणा. पण अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली, उजवी बाजू गेली, आम्हाला बघूनही डोळ्यांत काही हलेना, तेव्हा या एकाच गोष्टीला ते उत्तर द्यायचे. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. आमची काडी जरा जाड आणि तपकिरी होती, एवढंच.

रविवारी जेवणं झाली की मी सिगारची पेटी त्यांच्या मांडीवर ठेवायची, मग झाकण उघडून एक सिगार त्यांच्या नाकाखाली धरायची. पेटवायचा प्रश्नच नव्हता, डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. पण पेटी मांडीवर आली की त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट हळूहळू हलायला लागायचं आणि घशातून एक ‘हं’ निघायचा. संध्याकाळी दादाचा फोन यायचा. बोट हललं का, एवढंच विचारायचा. मी हललं म्हणायची. मग आठवडाभर त्या विषयावर कुणी बोलायचं नाही.

बाबांनी जन्मभर काटे दुरुस्त केले. कारखान्यांतले वाफेचे, दाबाचे, तापमानाचे काटे. लोक त्यांना काटेवालेच म्हणायचे. एका कापड कारखान्याच्या बॉयलरचा काटा खोटं बोलतोय हे त्यांनी वेळेत ओळखलं, म्हणून तिथला मालक दरवर्षी त्यांना सिगारचा खोका पाठवायचा. बाबा आठवड्याला एकच ओढायचे, गॅलरीत बसून, जणू काही त्या कारखान्याचे मालक तेच. सिगार ठेवायला त्यांनी जुन्या कपाटाचं देवदारी लाकूड कापून स्वतः पेटी बनवली आणि झाकणात बाहेरून दिसेल असा एक गोल काटा बसवला, आतला दमटपणा दाखवणारा. शौकीन लोक अशा पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. आम्ही पेटीच म्हणतो.

त्यांचे नियम दोन होते. पहिला, वस्तूला दोष देण्याआधी काटा तपासायचा. दुसरा, काटा वाचण्याआधी त्याच्या काचेवर नखाने टिचकी मारायची, कारण काटा जात्याच आळशी, बसला की बसला. उजव्या हातात पेचकस असायचा, म्हणून टिचकी डाव्या हाताची. लहानपणी दादा शेजारी उभा राहून आकडे सांगायचा. बाबा टिचकी मारून विचारायचे, “किती?” दादा आकडा सांगायचा. आकडा चुकला की पुढची टिचकी दादाच्या डोक्यात. मला मात्र कधी बोलावलं नाही. मी घरात सगळ्यात धाकटी, म्हणून नाव बारकी. आता माझं वजन बघता हे नाव सरकारजमा व्हायला हवं, पण दादा अजून त्याच नावाने हाक मारतो.

बाबा आडवे झाल्यावर पेटी माझ्याकडे आली आणि मला कळलं की सिगार हे लाडावलेल्या जावयासारखं प्रकरण आहे. हवा कोरडी झाली की साल तडकते आणि वास उडून जातो. ओल जास्त झाली की बुरशी. आतला दमटपणा सत्तर टक्क्यांच्या आसपास राहायला हवा. दुकानात त्यासाठी तयार वस्तू मिळतात, पण मी घरी बसून लोकांचे कपडे शिवून देणारी बाई, मला ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड. कुणीतरी सांगितलं म्हणून बटाट्याची फोड ठेवली. आठवड्याच्या आत बटाट्याला दाढी फुटली आणि दोन सिगार फेकावे लागले. मग साबणाच्या डबीला भोकं पाडली, आत नवा स्पंज कापून बसवला आणि नळाचं पाणी शिंपडलं. तर स्पंजालाच कुबट वास. शेवटी गॅरेजमधून गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणलं, त्यात औषधाच्या दुकानातलं थोडं ग्लिसरीन मिसळलं. तेव्हा कुठे पेटीला माणसांत आल्यासारखं झालं.

पण काटा चौसष्टच्या वर जाईना. बाबांची मुलगी ना मी, आधी काटा तपासला. बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी टाकलं आणि ते झाकण व झाकणातून उचकटून काढलेला काटा एका प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवले. ओल्या मिठाच्या सोबतीला ठेवलेल्या काट्याने दुसऱ्या दिवशी पंचाहत्तर दाखवायला हवेत, दाखवले तर तो खरा. बाबांच्या काट्याने एकोणसत्तर दाखवले. म्हणजे सहा कमी. मी फोनवर दादाला सांगितलं, तो बऱ्याच दिवसांनी हसला. म्हणाला, काटेवाल्यांच्या घरी खोटा काटा, यालाच दिव्याखाली अंधार म्हणतात.

मी लगेच सेलवर चालणारं एक छोटं, आकडे दाखवणारं मीटर आणून पेटीच्या आत चिकटवलं. झाकणातल्या गोल भोकात बाटलीचं बूच दाबून बसवलं. बाबांचा काटा माझ्या शिवणाच्या खणात, बटणांच्या शेजारी जाऊन पडला.

आणि त्याच्या पुढच्या रविवारी बाबांचं बोट हललं नाही.

मला वाटलं, दिवस वाईट असेल. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी सिगार नाकाशी नेली, गालाला लावली, कानाशी धरून हलकेच दाबली. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. दादाला मी सांगितलं, हललं, थोडंसं. खोटं बोलायला मला त्रास होत नाही, गिऱ्हाइकांना रोज उद्याचा वायदा करते. पण हे खोटं बोलून मी फोन घाईने ठेवला.

मग मी पेटीच्या मागे लागले. चूक पेटीचीच असणार, वास मंदावला असणार, अशी माझी खात्री. ओल्या फडक्याने आतलं लाकूड पुसलं, सिगारच्या जागा बदलल्या, खालच्या वर केल्या. कुंड्यांत घालतात ते पाणी शोषणारे मणी चांगले असं ऐकलं होतं, पण ते आणायला लांबच्या रोपवाटिकेत कोण जाणार, तेवढा वेळ बाबांना कुणावर टाकणार? तेव्हा सुचलं की तसलीच पूड मोठ्या माणसांच्या डायपरमध्येही असते. घरात त्याची चळत रचलेली होतीच. एक कोरा डायपर कात्रीने उसवला, आतली पांढरी पूड झटकून घेतली, त्याच बॅटरीच्या पाण्यात भिजवली. वाटीभर पारदर्शक गोळे झाले. ते भोकांच्या डबीत भरले आणि पेटी जी सत्तरवर स्थिर झाली ती हलेचना. मी त्या आकड्याकडे बघत जमिनीवर बसून हसले आणि हसता हसता रडले. ज्याच्या अंगाखाली ठेवायचं तेच त्याच्या सिगारच्या उशाला. बाबांना सांगता आलं असतं तर त्यांनी नक्की विचारलं असतं की ही अक्कल शाळेत कुठे गेली होती.

पेटी निर्दोष झाली. बोट तरीही हललं नाही.

वस्तूला दोष देण्याआधी काटा तपास. काटा तपासला होता, पेटी तपासली होती, सिगार तर इतकी ताजी की माझ्या गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांना तंबाखूचा वास येत होता. मग उरलं कोण? हा प्रश्न मी कपडे धुताना, बाबांची कूस बदलताना, त्यांच्या ओठांतून ओघळलेली पेज पुसताना स्वतःला विचारायची आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या कामाला लागायची. शेवटी एका संध्याकाळी मी फोनवर दादाला खरं सांगून टाकलं, बोट हलत नाही.  तो म्हणाला की शुश्रूषागृहात एक जागा रिकामी झाली आहे, तो रविवारी येतो, स्वतः बघतो, आणि तसंच असेल तर सोमवारी निघायचं.

रविवारी दादा यायच्या आधी मी पेटी उघडली तर मीटरचा पडदा कोरा. सेल संपला होता आणि आदल्या दिवशी मला तो बघायचं सुचलं नव्हतं. दादाच्या समोर आकड्याशिवाय पेटी ठेवली तर तो म्हणणार, पेटीतच गडबड असेल, अजून एक आठवडा थांबू. असा आणखी एक आठवडा मला नको होता. हे मी तेव्हा स्वतःशी असं स्वच्छ शब्दांत म्हटलं नाही, पण शिवणाच्या खणातून काटा शोधून काढताना माझे हात भराभर चालत होते. बूच काढलं, काटा जागेवर बसवला. बसू दे, सहा कमी तर सहा कमी.

दादा आला तो कपडे न बदलताच बाबांच्या खुर्चीजवळ बसला. केस किती पांढरे झाले होते त्याचे. प्रवासाने आणि न झोपण्याने डोळे आत गेलेले. त्यालाही बापाला उचलून न्यायची हौस नव्हती, हे मला त्या क्षणी दिसलं आणि त्याच्यावर साठवून ठेवलेला राग कुठे टाकावा कळेना.

तो म्हणाला, सिगार मीच देतो. पेटी बाजूच्या स्टुलावर ठेवून त्याने सिगार काढली, बाबांच्या नाकाखाली धरली. काही नाही. दुसरी काढली. काही नाही. बाबांचे डोळे उघडे होते, श्वास चालू होता आणि घर तिथे संपत होतं. दादाने दोन्ही सिगार परत ठेवल्या, झाकण लावून पेटी न्यायला उचलली आणि घाम पुसायला रुमाल काढायचा म्हणून ती सहज बाबांच्या मांडीवर टेकवली. माझ्याकडे न बघता म्हणाला, “बारके, त्यांचे कपडे भर.”

मी वळले आणि मागे टक् असा आवाज झाला. पाठोपाठ पुन्हा एक.

बाबांचं डावं मधलं बोट काट्याच्या काचेवर होतं. नखाने टिचकी मारून ते थांबले होते, जसे जन्मभर थांबायचे, काटा हलून स्थिर होईपर्यंत. डोळे काट्यावर नव्हते. मान जितकी वळते तितकी वळवून ते दादाकडे बघत होते. वाट बघत होते.

दादाचा रुमाल हातातच राहिला. बावन्न वर्षांचा माणूस, पुन्हा आकडे सांगणारा पोरगा झाला. त्याने खाली वाकून काटा वाचला.

“चौसष्ट,” तो म्हणाला. बाबांचं बोट पुन्हा काचेवर आपटलं, या वेळी जोरात. दादा घाईघाईने म्हणाला, “नाही, सत्तर आहे, बाबा. काटा खोटा आहे. सहा कमी दाखवतो.”

“हं,” बाबा म्हणाले.

आडवे झाल्यापासून सिगारशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. ते काट्याला ओळखत होते. दर रविवारी पेटी मांडीवर आली की त्यांचं बोट काच शोधायचं, आम्ही त्याला तंबाखूची ओढ समजायचो. आणि मी, शहाणी, खऱ्या आकड्याच्या नादात त्यांचा काटाच बटणांत टाकून आले होते.

दादा बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. मी कपाटापाशी उभी राहिले. मलाही रडू यायला हवं होतं, पण आधी आलं ते दुसरंच. सोमवारी घर रिकामं होईल, मी एकदा पुरेशी झोपेन, कुणाच्या श्वासावर कान न ठेवता, असा एक सुस्कारा मी छातीत तयार ठेवला होता. तो तसाच परत गिळावा लागला. गिळताना दुखलं, आणि त्या दुखण्याची लाज वाटली.

दादाने डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. त्याला दिसलं असावं, कारण त्याने नजर खाली केली. म्हणाला, आता दर रविवारी मी येत जाईन, तू त्या दिवशी झोप. येशील का खरंच, असं मी विचारलं नाही. मग काटा हातात घ्यावा तशी त्याने पेटी उचलली आणि म्हणाला, मागचा स्क्रू थोडा फिरवला तर बरोबर होईल, पेचकस दे.

“नको,” मी म्हटलं. “खोटाच राहू दे. बरोबर झाला तर ते कशाला टिचकी मारतील?”

मी कपाट बंद केलं आणि बाबांची पेज गरम करायला ठेवली.