दोन्ही हात मोकळे

पिंपाने मेहुण्याच्या नाकावर पहिला ठोसा घातला आणि त्याची पॅन्ट कमरेवरून घसरली. दुसरा ठोसा घालायचा सोडून त्याला पॅन्ट धरावी लागली. झालं! तेवढ्यात मेहुण्याने नळ खोलायचा पाना उचलून त्याच्या बरगडीत हाणला, जिन्यात जमलेल्या शेजाऱ्यांनी दात काढले, आणि जिच्यासाठी हा सगळा तमाशा ती बहीण दाराआड ओठाचं रक्त पुसत राहिली. इज्जत जायला याहून वाईट वेळ कुठली असते, सांगा बरं.

पिंप हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बर्फाच्या कारखान्यातल्या सोबत्यांनी ते ठेवलं होतं आणि देहाने ते सार्थ केलं होतं. लादीला आकडा मारून एका झटक्यात खेचणारा गडी, पण आकडा एकाच हातात. दुसरा हात कायम कमरेवर. रस्ता ओलांडताना, जिना चढताना, पोट धरून हसतानासुद्धा आधी पॅन्ट धरायची. तयार कपड्यांच्या दुकानात पोटाला बसेल ती घ्यावी तर पाय पोत्यात घातल्यासारखे, पायांना बसेल ती घ्यावी तर बटण आणि काजाचं सात जन्मांचं वैर. मग पोटाखाली पट्टा आवळायचा आणि नशिबाला शिव्या द्यायच्या.

मेहुणा नळजोडणीची कामं करायचा. काटकुळा, गोडबोल्या, केसाने गळा कापणारा. आईवडील गेल्यावर पिंपाने धाकट्या बहिणीला लहानाची मोठी केली आणि याच माणसाच्या गोड बोलण्याला भुलून तिचं लग्नही लावून दिलं. आपल्या हाताने पोरीला खाईत ढकललं, हे त्याला जेवताना आठवायचं आणि घास उतरायचा नाही.

त्या मारामारीनंतर मेहुण्याला चेव चढला. भाऊ आधी स्वतःची पॅन्ट सांभाळू दे, मग बहिणीला सांभाळेल, असं म्हणत त्याने तिचं बोट मागे वाकवून मोडलं. हे तिने सांगितलं नाही. ती म्हणाली, दारात सापडलं. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने पिंपाला गाठून खरं काय ते सांगितलं आणि वर सुनावलं, की पुढच्या वेळी बोटावर निभावायचं नाही.

बाजारामागच्या गल्लीत एक शिंपीमास्तर होता. तो आडव्या देहाच्या पुरुषांच्याच पॅन्टी शिवायचा आणि स्वतःही काही कमी आडवा नव्हता. त्याची एक तऱ्हा होती. पॅन्ट घालून काय करणार, ते तो आधी विचारायचा आणि तेच करायला लावून माप घ्यायचा. हिशेबनीसाला खुर्चीत बसवायचा, बसचालकाला पाय दाबायला लावायचा. पिंपाने खाली बघत सांगितलं, मारामारीला हवी.

मास्तर हसला नाही. "मग मारून दाखव," म्हणाला.

कोपऱ्यातल्या कापडाच्या गठ्ठ्याला पिंप ठोसे घालत होता आणि मास्तर कमरेभोवती टेप धरून त्याच्याबरोबर डावी-उजवीकडे फिरत होता. मध्येच त्याने पिंपाचा पट्टा काढून लांब भिरकावला. पोटाखाली पॅन्ट बांधणं म्हणजे उतारावर गाडी उभी करणं, असं त्याचं म्हणणं. कमर बेंबीवर घ्यायची, मागून उंच, पुढून किंचित उतरती. पुढे दोन चुण्या, म्हणजे मांडीला जागा मिळते. पाय सरळ बुटापर्यंत सोडायचा, रंग गडद, आणि पॅन्ट पेलायला खांद्यावरून गॅलसचे पट्टे. घट्ट कपड्याने जाडा माणूस बारीक दिसत नाही, कोंबलेला दिसतो, हेही त्याने बजावलं.

पॅन्ट तयार झाली आणि पिंप आरशासमोर उभा राहिला. अहो, रुबाबदार दिसत होता! पोट होतं तिथेच होतं, पण आता ते त्याला शोभत होतं. त्याने हात वर केले, खाली केले, वाकला. पॅन्ट तसूभर हलली नाही. त्याला रडू आलं.

दुकानातून तो थेट बहिणीच्या घरी गेला. दुपारची वेळ, मेहुणा जेवत होता. नव्या पॅन्टीकडे बघून त्याने काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पिंपाने त्याला ताटावरून उचलून भिंतीवर आपटलं. पहिल्या ठोशात दात पडला. दुसऱ्यात डोळा मिटला. मेहुण्याने पान्याकडे हात नेला तसा पिंपाने तो हात बुटाखाली घेतला आणि आतलं हाड मोडल्याचं त्याच्या पायाला कळलं. एका हाताने गळा धरायचा, दुसऱ्याने मारायचं. उभ्या जन्मात त्याला असं मारता आलं नव्हतं. दर वेळी कमरेवर हात जायचा आणि तेवढ्यात राग अर्धा व्हायचा. आज मध्ये थांबायला काही कारणच नव्हतं. मेहुणा हात जोडत होता, मग जोडेनासा झाला, त्याची मान एका बाजूला कलली, तरी ठोसे पडतच होते. आणि खरं सांगायचं तर पिंपाला बरं वाटत होतं.

पाठीमागून कुणीतरी त्याचा शर्ट ओढला. त्याने न बघता हात झाडला. शिडशिडीत काहीतरी कपाटावर आदळून खाली पडलं, भांडी गडगडली. मूठ उगारूनच तो वळला.

खाली बहीण होती. कपाळातून रक्त भुवईवर उतरत होतं. तिला उठवायला पिंप पुढे झाला, तशी तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं, गुडघे पोटाशी घेतले आणि अंग चोरत भिंतीला चिकटली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "परत नाही करणार."

पिंपाने तिला हाक मारली. पुन्हा मारली. लहानपणी आंघोळ घालताना मारायचा तशी, लाडाने मारली. तिने डोक्यावरचे हात काढले नाहीत.