गर्डरवरची सभा

पोलादी इमारती उभारणाऱ्यांच्या युनियनचा इतिहास एका ओळीत संपतो: एकतीस वर्षं, चारशे ठराव, आणि विरोधात एकसुद्धा मत नाही. अशी एकी शोधून सापडायची नाही! फिटरमामांना, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच्या अध्यक्षांना, तिचा कोण अभिमान.

पहिल्या सभेला मालकाने खोली दिली नाही, म्हणून मंडळी चिडून बाराव्या मजल्याच्या उघड्या गर्डरवर जाऊन बसली. पुढे तोच नियम झाला. सभा गर्डरवरच, पाय खाली सोडून. कामाला कमरेला पट्टा असतो, सभेला नाही. पट्टा बांधणं म्हणजे मालकाला भ्यायल्यासारखं. विरोध असेल त्याने हात वर करायचा. एकाने जरी केला तरी ठराव पडायचा.

यंदा सेक्रेटरीने ठराव आणला: साठी उलटलेल्या अध्यक्षाने घरी बसावं. हा गडी क्रेन चालवायचा, केबिनमध्ये ऐसपैस बसून भोंग्यावरून सभा घ्यायचा. मामा घरभर येरझाऱ्या घालू लागले. युनियन गेली तर सकाळी उठायचं कशासाठी?

"उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका," मामी म्हणाल्या. "एकच तर हात हवा. आपले व्याही आहेत की!"

व्याही म्हणजे वेल्डर. त्यांनी मामांच्या घरी चहा पिताना छातीवर हात ठेवून शब्द दिला. बाकीच्या नऊ जणांनीही दिला.

सभा भरली. वारा सुटला होता.

"विरोध असणाऱ्यांनी हात वर करावा," भोंगा बोलला.

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा सभेत डोळे उघडले. दहाच्या दहा जण डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी गर्डर आवळून बसले होते. म्हणजे एकतीस वर्षांची ही एकी... अरे देवा!

"व्याही, एक हात!" मामा कळवळले.

"जीव मागा, व्याही," वेल्डर डोळे न उघडताच म्हणाले, "हात तेवढा मागू नका."

मत मामांनाही होतं. त्यांनी उजव्या हाताला दटावलं, विनवलं, बाबा रे, ऊठ. हात ढिम्म हलला नाही.

"ठराव एकमताने मंजूर."

जमिनीला पाय टेकताच दहाही जणांनी हात वर करून गिल्ला केला, "विरोध! विरोध!" व्याही मामांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. पण खालचं मत नियमात बसत नव्हतं, आणि नियम बदलायचा तर पुन्हा वर जावं लागणार होतं. सगळ्यांनी एकदा मान वर करून गर्डरकडे पाहिलं, आणि मामांना चहा पाजायला नेलं.