रोझाबाईचे पत्ते

वडगावच्या अक्काताईला तांदूळ बघता येत. सुपात तांदूळ पसरायचे, विचारणाऱ्याचं नाव घेऊन चिमूट उचलायची आणि दाणे जोडीनं आले का एकटा उरला, त्यावरून सांगायचं, ही तिच्या सासूची विद्या. नवरा मागावर विणत बसे, ती उंबऱ्याशी सुताच्या कांड्या भरी, आणि हरवलेल्या म्हशीपासून न नांदणाऱ्या लेकीपर्यंत सगळी गाऱ्हाणी तिच्यापुढं येत. ऐकलेलं ती पोटात ठेवी. बायका खरं तर त्यासाठीच तिच्याकडं येत.

दुसऱ्यांची विद्या बघायचीही तिला भारी हौस. रवळनाथाच्या देवळात गुरव मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवून कौल लावी. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कळी पडेपर्यंत अक्काताई तिथून हलत नसे. कवड्या टाकणारी कोरवीण दारात आली तर तिला भाकरी वाढून, दान कसं वाचतेस ते खोदून विचारी. याच हौसेपायी तिची गोऱ्या पलटणीच्या कँपातल्या रोझाबाईशी ओळख झाली.

रोझाबाई गोव्याकडची ख्रिस्ती विधवा. एका गोऱ्या साहेबाकडं आया होती. मड्डम विलायतेला परत गेली तेव्हा आपले चित्रांचे पत्ते तिला देऊन गेली. मड्डम त्यांना टॅरो म्हणे. एका पायानं टांगलेला माणूस, वीज पडलेला बुरूज, कंदील घेतलेला म्हातारा. अक्काताईनं ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा तिला जत्रेतला चित्रांचा पट बघितल्यासारखं वाटलं. दर शुक्रवारी बाजार आटोपला की ती रोझाबाईच्या पडवीत जाऊन बसू लागली. एकाच प्रश्नाला एकीनं पत्ते मांडायचे, दुसरीनं तांदूळ टाकायचे. दोन्हींचं जुळलं की दोघी पोरींसारख्या हसायच्या. रोझाबाई कपाच्या तळाशी राहिलेल्या चहाच्या पानांतही काहीबाही बघे. अक्काताईला पाठची बहीण नव्हती. कधी एकदा शुक्रवार येतो असं तिला होऊन जाई.

बेचाळीस साली, दिवाळीनंतर, जांबोटीहून मालुबाई आली. रानवाटेनं चालत आलेली, पाय धुळीनं भरलेले. पाणी प्याली आणि दार लोटून घेऊन बोलायला लागली. तिचा एकुलता पोरगा जोतिराम चळवळीत पडला होता. गुंजीकडं रुळाकडेच्या तारायंत्राच्या तारा तोडल्या, त्यात त्याचं नाव पोलिसांपर्यंत गेलं होतं.

"आक्का, शेजारचा भावकू हाय न्हवं, त्येच्या रानातल्या खोपीत पोरगं लपलंय. माज्याबिगर आनि भावकूबिगर कुनाला ठावं न्हाय. त्येला गोव्यात घालवू का हितंच ऱ्हाऊ दे, येवढं बघ."

अक्काताईनं चिमूट उचलली. जोडी आली. पुन्हा उचलली, तर एकटा दाणा उरला. तिसऱ्यांदाही धड काही कळेना. म्हशीचा प्रश्न असता तर तिनं काहीतरी सांगून टाकलं असतं. "बाजार झाल्यावर ये, नीट बघून सांगते," ती म्हणाली, आणि शुक्रवारी तो प्रश्न घेऊन कँपात गेली.

रोझाबाईनं पत्ते पिसले आणि मध्येच हात थांबवला. "पोर आहे कुठं? जागा कळल्याशिवाय पत्ते वाट कशी दाखवतील, बाय?"

असं तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. अक्काताई घुटमळली. पण समोर रोझाबाई होती, दुसरं कुणी नव्हतं. तिनं सांगितलं.

रोझाबाईनं पत्ते मांडले, बराच वेळ त्यांच्याकडं पाहिलं. "हलवू नका त्याला. आहे तिथंच सुखरूप आहे."

अक्काताईनं तेच मालुबाईला सांगितलं, आपल्या तांदळाचं म्हणून. मालुबाईनं तिचे हात डोळ्यांना लावले आणि गेली.

आठवडाही गेला नाही. झुंजूमुंजू होताना पोलिसांनी खोपीला वेढा घातला आणि जोतिराम हिंडलग्याच्या तुरुंगात गेला. जांबोटीचा एक गुराखी बाजारात भेटला, त्यानं अक्काताईला हे सांगितलं. वर म्हणाला, "भावकूनंच घात केला. दुसरं कोन? गावानं त्येला वाळीत टाकलंय. पिकलेलं भात शेतात उभं हाय, कापायला कोन जाईना."

अक्काताई तिथनं उठली ती थेट कँपात.

रोझाबाई दारातच होती. "पोलिसांस्नी तू सांगितलंस?" अक्काताईनं विचारलं. तिनं नाकारलं नाही. "माझा मुलगा आंतोन लढाईवर आहे," ती म्हणाली. "तो जिवंत आहे की नाही ते या तारांवरून कळतं मला. तुमची पोरं त्या तोडतात."

"आनि पत्त्यांत काय आलतं?"

"पत्ते मी वाचलेच नाहीत. तू जागा सांगितलीस, झालं."

"मग हलवू नगा म्हनालीस ते?"

रोझाबाई दारातून बाजूला सरली.

"त्येला तितंच धरून ठेवाया, व्हय? माज्या तोंडानं?"

"आत ये," रोझाबाई हळूच म्हणाली. "बस जरा. चहा टाकते."

त्या दिवशीही तिनं असाच चहा टाकला होता. पत्ते मांडले तेव्हा हात कापला नव्हता, आवाज बदलला नव्हता.  अक्काताई मागं फिरली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती जांबोटीला निघाली. वाटभर तिला वाटत होतं, मालुबाई त्या बाईला शिव्याशाप देईल आणि आपण दोघी गळ्यात गळा घालून रडू.

मालुबाई खळ्यात भात झोडत होती. अक्काताईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. "भावकूचा काय दोष न्हाय. तिनं मला फशिवलं, मालू."

मालुबाईच्या हातातली पेंढी हातातच राहिली. "म्हंजी तुज्या तांदळानं सांगितलं न्हवतं?"

"न्हाय. तांदळानं कायच सांगितलं न्हवतं."

"मग तसं म्हनायचं हुतंस. मी त्येला गोव्यात घालवला असता." ती अक्काताईकडं वळली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. "तिनं तुला फशिवलं म्हनतीस. तिला तू सांगितलंस, आनि तुला मी सांगितलं. तुज्याबिगर मी कुनाच्या दारात गेले न्हवते, आक्का."



मालुबाईनं पेंढी खाली ठेवली, पदर खोचला आणि सगळ्या आळीच्या देखत भावकूच्या अंगणात जाऊन उभी राहिली. काय बोलली ते खळ्यापर्यंत ऐकू आलं नाही. भावकू आधी तोंड फिरवून बसला. मग कट्ट्यावर थोडा सरकला आणि तिला बसायला जागा दिली. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली, त्यांच्याभोवती जमली. खळ्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही. अक्काताई थोडा वेळ थांबली, मग उन्हं कलायच्या आत रानवाटेला लागली.