हिच्यासारख्या काढा

तळहातावरची लडी मऊ होती, जराशी तेलकट, बोटानं दाबली की मेंढीचा वास सोडणारी... आणि ती लाल होती हेही यज्ञेश्वरला ठाऊक होतं, कारण इंदूनं देताना तसं सांगितलं होतं. "बाबा, ही लालवाली आईच्या स्वेटरला कमी पडेल. इसके जैसी एक और निकालो ना," असं म्हणून पोरगी आईचा हात ओढत मेंढ्या कातरतात ते बघायला पळाली. समोर बाजारातल्या तरटावर लोकरीच्या लडींचा हा ढीग. त्यातल्या काही त्याला मातकट दिसत होत्या, आणि काही जरा जास्त मातकट.

ढिगामागे बसलेली गडरियाची, मेंढपाळाची बाई म्हणाली, "का चाने, भैया? बताओ तो हम निकार दें."

"लाल दो" एवढंच म्हणायचं होतं. ते न म्हणता तो "रहने दो, मैं देख रहा हूँ" म्हणाला आणि उकिडवा बसला.

सोमवारी डोळ्यांची तपासणी होती. रेल्वेचा डॉक्टर ड्रायव्हरांना अधूनमधून बोलावतो, टेबलावर अशाच लडी ओततो, एक हातात देतो आणि म्हणतो, हिच्यासारख्या काढा. आजवर यज्ञेश्वरनं त्या गप्पा मारत काढल्या होत्या. या खेपेला काढता आल्या नाहीत की इंजिनवरून खाली उतरायचं, शेडमध्ये कुठंतरी फडकी मोजत बसायचं, आणि मोठं क्वार्टर सोडायचं. सरळ होतं सगळं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही असं तो स्वतःला सांगे, आणि मग वाईट वाटे.

सुरुवात पावसाळ्यात झाली. बायकोचं, कमलिनीचं कुंकू काळपट दिसायला लागलं, तेव्हा तिनं दुकान बदललं असेल असं वाटलं. खंडेराव गेटपाशी बसणाऱ्या वैद्यांनी तंबाखू सोडायला सांगितली. ती सोडली. कुंकू काही पुन्हा लाल झालं नाही.

दिवसा अडत नाही — सिग्नलचा हात आडवा आहे की झुकलेला, ते दिसतं. रात्री हात दिसत नाही, नुसता दिवा दिसतो. दिवा आला की ड्रायव्हर आणि फायरमन दोघांनीही रंग मोठ्यानं पुकारायचा असा नियम. मी माझ्या फायरमनला, जगन्नाथला, आधी पुकारू देतो. तो "हरा" म्हणाला की मागोमाग मीही "हरा" म्हणतो. बिचाऱ्याला वाटतं, उस्ताद आपल्याला तयार करतायत... एका रात्री बीनाला जाणाऱ्या पॅसेंजरवर जगन्नाथ कोळसा ओढायला वाकला होता आणि समोर दिवा आला. नुसता दिवा. मी गाडी थांबवली. दिवा हिरवा होता. ब्रेक आपणहून धरला म्हणून सांगितलं, सगळ्यांना पटलं, मलाही जवळजवळ पटलं. पण मी थांबवलीच नसती, आणि तो लाल असता तर? मागच्या डब्यांत झोपलेल्या माणसांचा विचार यज्ञेश्वर करत नसे. त्यांच्या चपला बाकांखाली काढून ठेवलेल्या असतात, एवढंच त्याला अवेळी आठवायचं, जेवताना वगैरे.

त्यानं एक लडी उचलली.

"बाबा, ये तो हरा है!" इंदू आईला घेऊन परत आली होती. ती खुदकन हसली. बाईही हसली, "जो तो हरो आय, भैया." गंमत केली, असं म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही. त्यानं कमलिनीकडे पाहिलं.

ती हसत नव्हती. तिची नजर लडीवरून त्याच्या तोंडावर आली. सोमवारचं तिला माहीत होतं. दिवाळीला त्यानं डाळिंबी म्हणून भलतंच लुगडं आणलं होतं, तेही आठवलं असावं. यज्ञेश्वर वाट पाहत राहिला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं, कारण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. आता ही बोलेल. ही काही पोटात ठेवणारी बाई नव्हे. उद्याच साहेबांना सांगून मोकळे व्हा, म्हणेल. त्यावर "बरं" म्हणायचं हेही त्यानं ठरवून टाकलं.

"इंदू, जा, तिळाची गजक घेऊन ये." मुलगी गर्दीत गेल्यावर कमलिनी त्याच्या शेजारी बसली. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "अहो, हे बघा. हा लाल, हा हिरवा. हिरवा किंचित फिका दिसतो ना?"

"दिसतो."

"आणि हा तपकिरी, त्याहून गडद. सगळ्यांतल्या दोन-दोन घरी नेऊ. सोमवारपर्यंत बसेल नजरेत."

"डॉक्टरकडच्या लडी निराळ्या असतात."

"असू देत. गडद-फिकं तर कळतं? मी शिकवीन. कोणाला कळायचं नाही."

तिनं लडींची अदलाबदल करून त्या पुढं धरल्या. तो सांगत गेला, चुकला, पुन्हा सांगत गेला. बरोबर आलं की ती त्याच्या मनगटावर हलकेच बोट दाबायची. इतक्या मायेनं ती कितीतरी दिवसांत वागली नव्हती, आणि त्याला तिच्याबद्दल फार प्रेम वाटलं, आणि आपल्याला हे जमेल असंही दिसायला लागलं. सोमवारी जमेल.

तेव्हा तो घाबरला. इतके महिने मी हिच्यापासून लपवत होतो आणि हिच्याच भरवशावर गाडी नेत होतो. एक दिवस कमलिनीला कळेल, ती अडवील, तोवर चाललंय ते चालू दे — असं मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात धरलेलं होतं. तिला कळलं होतं. आता अडवणारं दुसरं कोणी नव्हतं.